कॅमेरा कोठे उभा आहे?

आमच्या तालुक्याच्या गावी एका पुढाऱ्याचा वाढदिवस नुकताच साजरा झाला. हार, फटाके, चौकाचौकांतील फलक हे सर्व आता नित्याचे झाले आहे. त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते दुसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाइलवर येऊन पोहोचलेले दीड मिनिटांचे चित्रण. मोटारीचे दार उघडते. प्रथम दिसतो तो बूट, तोही जमिनीलगत धरलेल्या कॅमेऱ्यातून. पाऊल संथ गतीने खाली येते, नजर हळूहळू वर चढते, आणि पांढऱ्या कपड्यांतील ती व्यक्ती आभाळाच्या पार्श्वभूमीवर एखाद्या मनोऱ्यासारखी उभी राहते. लगेच दृश्य पालटते. आता आपण आकाशातून, ड्रोनच्या डोळ्यांनी, खाली जमलेला समुदाय पाहत असतो. त्या समुदायात टँकरची वाट पाहून थकलेल्या बाया होत्या, पीकविम्याच्या पैशांसाठी खेटे घालणारे शेतकरी होते. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा दिसला नाही. दिसली ती केवळ डोकी.

या चित्रणात एकही शब्द उच्चारलेला नाही. कोणी कोणाची स्तुती केलेली नाही, कोणतेही आश्वासन दिलेले नाही. तरीही मोठे कोण आणि लहान कोण, याचा निवाडा दीड मिनिटात होऊन गेला. भाषणातील खोटेपणा आपल्या लोकांना पुष्कळदा ओळखता येतो. पिढ्यान्‌पिढ्या भाषणे ऐकून त्यांचा कान तयार झाला आहे. परंतु चित्रातील विधानाला विधान म्हणून ओळखण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. शेजारच्या एका तरुणाला मी याविषयी विचारले, तेव्हा तो कौतुकाने म्हणाला, "सर, अगदी सिनेमासारखं केलंय." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. माणसाचा सामाजिक दर्जा आणि त्याची सत्ता शब्दांवाचून सांगण्याची जी रीत चित्रपटाने शंभर वर्षांत घडविली, ती आता चित्रपटगृहाबाहेर पडून गावगाड्याच्या राजकारणात उतरली आहे. म्हणून चित्रपटाची ही रीत समजावून घेणे हे रिकामटेकड्या रसिकतेचे काम राहिलेले नाही. ते नागरिकाचे काम झाले आहे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. चित्रपटकलेतील अधिकार तो सांगू इच्छित नाही. मात्र ज्याने आयुष्यभर वाटपाचा प्रश्न शिकविला, त्याला पडद्यावरही प्रथम वाटपच दिसते. पडद्याची चौकट मर्यादित असते आणि चित्रपटाचा वेळही मर्यादित असतो. त्या मर्यादित साठ्यातून कोणाला किती जागा द्यायची, कोणाला उंची द्यायची, कोणाला प्रकाशात ठेवायचे, कोणाचे ऐकून घ्यायचे आणि कोणाला ताटकळत ठेवायचे, हे कोणीतरी ठरवीत असते. समाजात जसे उत्पन्नाचे वाटप होते, तसेच पडद्यावर लक्षाचे वाटप होते. आणि ज्याप्रमाणे समाजातील वाटप हे निसर्गाचा नियम नसून माणसांनी केलेली व्यवस्था असते, त्याचप्रमाणे पडद्यावरील वाटपही कोणाच्या तरी निर्णयाने झालेले असते.

या भाषेचा एक जुना आणि उत्तम पाठ म्हणजे मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२४ सालचा मूकपट. इंग्रजीत तो 'द लास्ट लाफ' या नावाने ओळखला जातो. मूळ जर्मन नावाचा अर्थ 'शेवटचा माणूस' असा आहे. एमिल यानिंग्सने त्यात एका बड्या हॉटेलच्या दारवानाची भूमिका केली आहे. वृद्ध दारवानाला जड पेटी उचलताना धाप लागते, तो घटकाभर टेकतो; व्यवस्थापक ते पाहतो, आणि त्याची रवानगी तळघरातील स्वच्छतागृहात होते. पितळी बटणांचा त्याचा भरदार गणवेश काढून घेतला जातो. चित्रपटात छापील मजकूर जवळजवळ नाहीच, आणि तरीही काही अडत नाही. गणवेशात असताना कॅमेरा त्याच्याकडे खालून पाहतो आणि तो एखाद्या सेनापतीसारखा भासतो. गणवेश गेल्यावर तोच माणूस वाकतो, खुजा होतो, भिंतीच्या कडेकडेने चालू लागतो. तो राहतो त्या चाळीतील शेजारी कालपर्यंत त्याला सलाम करीत. सत्य कळताच तेच शेजारी खिडक्यांतून दात काढून हसतात. हे शेजारी स्वतः कष्टकरीच आहेत, हे विसरता कामा नये. त्यांनी मान दिला होता तो म्हाताऱ्याच्या श्रमांना नव्हे, मालकाच्या कोटाला. वेतन आणि प्रतिष्ठा यांतील अंतर वर्गात समजावून सांगताना मला जे तासभर बोलून साधत नसे, ते हा मूकपट एका कोटाच्या साहाय्याने सांगून जातो.

ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाने हीच भाषा अधिक गुंतागुंतीची केली. त्यातील एक दृश्य पाहावे. घराच्या आत, टेबलाशी, आई आणि बँकेचा माणूस कागदपत्रांवर सह्या करीत आहेत. बाप मधल्या जागेत उभा राहून दुबळा विरोध करतो आहे. आणि खूप मागे, खिडकीच्या चौकोनातून, बर्फात खेळणारा लहानगा केन दिसतो आहे. ग्रेग टोलँड या छायालेखकाने जवळचे आणि दूरचे सारेच एकाच वेळी स्पष्ट दिसेल अशी योजना केली, म्हणून एकाच चौकटीत सत्तेची सबंध उतरंड उभी राहिली. निर्णय घेणारे पुढे, तक्रार करणारा मधे, आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे तो सर्वांत मागे, सर्वांत लहान, काचेपलीकडे. ज्यांच्या जमिनीचा वा रोजगाराचा निकाल दूरच्या एखाद्या कचेरीत लागतो आणि ज्यांना त्याची वार्ताही नसते, अशा लाखो माणसांची अवस्था या खिडकीतून दिसते.

परंतु याच चित्रपटात सावध करणारी गोष्टही आहे. कॅमेरा खाली ठेवला की माणूस सामर्थ्यवान दिसतो, एवढाच पाढा पाठ करणाऱ्याची येथे फसगत होते. केन निवडणुकीत पराभूत होतो त्यानंतरच्या प्रसंगात वेल्सने कॅमेरा इतका खाली नेला की त्यासाठी जमीन उकरावी लागली. केन प्रचंड दिसतो खरा, पण त्याच्या डोक्यावर छत आल्यासारखे वाटते. त्याचा आकारच त्याचा तुरुंग होतो. पुढे त्याच्या महालात नवरा-बायको एवढ्या अंतरावर बसतात की बोलण्यासाठी आवाज चढवावा लागतो. श्रीमंतीने मिळविलेली जागाच तेथे माणसाला गिळून टाकते. तात्पर्य, कोन हा कोशातील शब्द आहे. त्याचा अर्थ वाक्यात ठरतो. ज्याला पडदा वाचायचा आहे त्याने शब्दांची यादी पाठ न करता वाक्य समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे वळले की ही भाषा आपल्या प्रश्नांशी किती निकटची आहे, हे ध्यानात येते. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन' (१९५३) मध्ये बलराज साहनींनी रंगविलेला शंभू जमीन वाचविण्याकरता कलकत्त्यात रिक्षा ओढतो. रिक्षात बसलेला शौकीन प्रवासी दुसऱ्या गाडीचा पाठलाग करण्यासाठी त्याला अधिकाधिक पैशांचे आमिष दाखवीत राहतो. धावणारे पाय, फिरणारी चाके, मागून येणारी वाढती बोली, असे संकलन चालू राहते आणि अखेर चाक निखळते. प्रवाशाच्या दृष्टीने ती गंमत आहे. ओढणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक जादा रुपया म्हणजे जादा धाप आहे. कामाच्या तुकड्यावर मजुरी देण्याच्या पद्धतीवर मी अनेक व्याख्याने दिली असतील. त्या सर्वांचे सार या पाठलागात आले आहे. कोण बसला आहे आणि कोण धावतो आहे, एवढे दाखविले की पुरते.

सत्तेचे आणखी एक माप म्हणजे आवाज. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' (१९७४) मध्ये किष्टय्या हा भूमिहीन नवरा मुका-बहिरा आहे. जमीनदाराच्या मुलाने त्याच्या बायकोला नादी लावून टाकून दिले आहे, आणि काम मागायला आलेल्या त्याच किष्टय्याला तो भयापोटी चाबकाने फोडून काढतो. ज्याच्यापाशी फिर्याद आहे त्याच्यापाशी वाणी नाही. 'सामना' (१९७५) मध्ये याच्या उलट चित्र दिसते. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित या चित्रपटात निळू फुले यांनी साकारलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील क्वचितच आवाज चढवितो. तो सावकाश बोलतो, थांबतो, समोरच्याकडे पाहत राहतो. घाई ही गरजवंताची असते. ज्याच्या शब्दाची सारा गाव वाट पाहतो त्याला घाई कशाची? डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर मात्र एका बेपत्ता माणसाविषयीचा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहतो, आणि त्या चिवट आवृत्तीनेच पाटलांच्या संथपणाला तडे जातात. सहकाराच्या चळवळीतून निघालेल्या सत्तेचे हे दर्शन महाराष्ट्राला इतके ओळखीचे वाटले, याचे कारण ती चाल आणि ती बोलण्याची ढब प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात पाहिलेली होती.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट तर वेळ आणि वाणी या दोहोंच्या वाटपाचा जणू हिशेबच मांडतो. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. कॅमेरा न्यायालयात दूर, स्थिर उभा राहतो. न्यायाधीश उंचावर, आरोपी कोपऱ्यात, अनेकांतला एक. एका स्त्रीचा पोशाख बिनबाह्यांचा आहे एवढ्या कारणावरून तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही. माणसांचे म्हणणे न्यायाधीशांच्या तोंडून, कायद्याच्या भाषेत, टंकलेखकाकडे जाते तेव्हाच ते नोंदीला पात्र ठरते. येथे कोणी खलनायक नाही, कोणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत आपल्याला रडा म्हणून सांगत नाही. आरोपीचे वय वाढते, तारखा पडत राहतात. उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात, आणि रिकाम्या अंधाऱ्या दालनाकडे आपण पाहत राहतो. त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी एकाला ते थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. व्यासपीठ नाही, झगा नाही. पण अधिकाराची सवय कायम आहे. दरिद्री माणसाला दिली जाणारी सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे त्याला वाट पाहायला लावणे, हे या चित्रपटाइतके शांतपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

येथवर आपण पडद्यावरील माणसांविषयी बोललो. खरा प्रश्न पडद्यासमोरच्या माणसांचा आहे. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात आम्ही नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) दाखविला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. दलित कुटुंबातील जब्याला शाळेत शिकायचे आहे, शालूवर त्याचे मन जडले आहे, आणि गावाला डुकरे धरून देण्याचे काम त्याच्या घराण्याच्या माथी मारलेले आहे. शाळेजवळच डुकराचा पाठलाग सुरू होतो. जब्या वर्गमित्रांच्या नजरेपासून आडोशाला लपू पाहतो. गावकरी खेळ पाहावा तशी मजा पाहतात, टोमणे मारतात. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेले जाते ते शाळेच्या भिंतीवरून, जिच्यावर डॉ. आंबेडकर, जोतीराव आणि सावित्रीबाई यांची चित्रे रंगविलेली आहेत. दिग्दर्शक थांबून भाष्य करीत नाही. भिंत आणि काठी एका चौकटीत आली, की सांगायचे ते सांगून होते.

पाठलागाच्या प्रसंगी आमच्या सभागृहात हशा पिकला होता. नंतरच्या चर्चेत अनेकांनी अभिनयाविषयी, भाषेविषयी चांगले मुद्दे मांडले. शेवटी मागच्या रांगेतील एक विद्यार्थी उठला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, एवढे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "सिनेमातली माणसं ज्या ठिकाणी हसत होती, त्याच ठिकाणी आपणही हसलो. मग आपण कोणाच्या बाजूला बसलो होतो?" सभागृहात शांतता पसरली. हसणाऱ्यांत मीही होतो. पस्तीस वर्षे विषमता शिकविणाऱ्या प्राध्यापकाला त्या मुलाने एका वाक्यात त्याची जागा दाखवून दिली.

त्यानंतर मला दोन दगडांचे नाते उमगले. 'अंकुर'च्या शेवटी किष्टय्याला झालेली मारहाण पाहणारा एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड फेकतो. काच फुटते आणि पडदा लाल होतो. आपण प्रेक्षक त्या क्षणी सुखावतो, कारण दगड दुसऱ्याच्या घरावर पडलेला असतो. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या दिशेने. मधे एकोणचाळीस वर्षे गेली. दगड तोच, हातही तसाच; बदलली आहे ती कॅमेऱ्याची जागा. कॅमेरा आता चिडविणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, आणि कॅमेरा जेथे असतो तेथेच प्रेक्षकही असतो. सत्तेचे चित्रण म्हणजे केवळ जमीनदाराचा वाडा, त्याची मोटार, त्याची मिशी नव्हे. पाहण्याचा अधिकार कोणाला आणि पाहिले जाण्याची सक्ती कोणावर, हा सत्तेचा मूळ प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारार्ह आहे. लोकप्रिय हिंदी चित्रपटाने गरिबालाही उंची दिली नाही काय? 'दीवार' (१९७५) मधील गोदी कामगार गुंडांच्याच गोदामात पाय पसरून खुर्चीवर बसतो आणि आतून दार लावून घेतो, तेव्हा थिएटरातील कामगार टाळ्या वाजवीत. त्या टाळ्यांची थट्टा करणे मला मान्य नाही. दिवसभर मान खाली घालून राबणाऱ्याला तीन तास मान वर करून बसता आले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वाटपाचा हिशेब येथेही केला पाहिजे. ती सारी उंची एका नायकाच्या वाट्याला येते; उरलेले हमाल गर्दीच राहतात. अन्याय एकजुटीने नव्हे तर एका असामान्य पुरुषाने दूर करावयाचा असतो, हा धडा टाळ्यांबरोबरच मनात उतरतो. तालुक्याच्या पुढाऱ्याला संथ चालीचा आणि खालच्या कोनाचा मोह पडतो तो याच धड्यामुळे. तारणहाराची जागा पडद्याने तयार करून ठेवलेली आहे. त्याने फक्त येऊन उभे राहायचे.

चौकटीचे वाटप कोण करतो, हा प्रश्न शेवटी खर्च कोण करतो या प्रश्नाशी जाऊन भिडतो. बेनेगल यांच्याच 'मंथन' (१९७६) साठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पैसा गवळ्यांचा होता आणि गोष्टही गवळ्यांची होती. तो चित्रपट जुना होऊन अडगळीत पडला नाही. त्याची नव्याने सिद्ध केलेली प्रत २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखविली गेली. दोन रुपयांच्या वर्गणीने प्रत्येक चित्रपट निघेल असे मी म्हणत नाही. पण चौकटीवर हक्क सांगायचा तर तिच्या खर्चात वाटा उचलावा लागतो, हा व्यवहार त्या पाच लाखांना कळला होता. आज तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. साधन स्वस्त झाले. दृष्टी मात्र अजून उसनीच आहे. गरिबाचे पोरही मोबाइल हातात घेते तेव्हा प्रथम पुढाऱ्याच्या बुटापाशीच वाकते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळा-महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी, कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या संघटनांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादा चित्रपट पाहावा, आणि संपल्यावर उठून न जाता चार प्रश्न विचारावेत. या चौकटीत पुढे कोण होते आणि मागे कोण? कोणाला बोलू दिले आणि कोणाच्या वतीने दुसराच बोलला? कोणाला वाट पाहावी लागली? आणि आपण कोणाच्या शेजारी बसून हे सारे पाहिले? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सहज मिळतील. चौथ्याला वेळ लागेल. क्वचित कोणाला शरमही वाटेल. ती वाटू द्यावी.

पुढच्या वर्षी तो वाढदिवस पुन्हा येईल, आणि ड्रोन पुन्हा आकाशात चढेल. त्या वेळी खाली उभ्या असलेल्या माणसांपैकी काहींनी तरी मान वर करून त्या यंत्राच्या डोळ्यात डोळा घालून पाहावे, आणि घरी जाऊन आपल्या मुलांना विचारावे की, या चित्रात आपला चेहरा का दिसत नाही? हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला, की मनोऱ्यासारख्या दिसणाऱ्या त्या माणसाची खरी उंची आपोआप दिसू लागेल. ती साडेपाच फुटांहून फारशी अधिक भरणार नाही.